अरबी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ सगळा सिंधू नदीचाच का?

बहुतेक सिंधूचा, पण सगळा नाही. 2015 साली ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या संशोधन जहाजानं मुंबईच्या नैर्ऋत्येला, समुद्रतळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटर खोल पाण्याखाली, दोन ठिकाणी तळाच्या आत सुमारे 1,100 मीटर भोकं पाडली. वर सिंधूनं आणलेली वाळू-माती मिळाली. त्याखाली मात्र दगड-मातीचा अफाट राडारोडा, एका ठिकाणी 300 मीटरहून जाड! सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी समुद्रातला उतार कोसळून तो साचला. त्यात उथळ पाण्यातल्या चुनखडीचे तुकडे आहेत; ते सिंधूच्या मुखाकडचे नाहीत, सौराष्ट्रालगतच्या उतारावरून घसरलेत. शिवाय नर्मदा-तापीचाही थोडा वाटा आहेच. आपण बडोदेकर खंभातच्या आखाताचं गढूळ पाणी पाहतो, त्यामुळे याचं नवल वाटू नये.