सेबुआनोतले ‘पेटवणे’ : दाग्कोत, हालिंग, दाओब, दुस्लित

प्रश्न असा आहे : फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या इंग्रजी कोशांत दाग्कोत, हालिंग, दाओब आणि दुस्लित या चारही शब्दांपुढे थोड्याफार फरकाने ‘लाइट’ किंवा ‘लाइट अ फायर’ असाच अर्थ सापडतो. मग हे समानार्थी शब्द समजायचे का?

समजू नयेत. आपण दिवा लावतो, चूल पेटवतो, विडी शिलगावतो, तोफेला बत्ती देतो, पाचोळा जाळतो. इंग्रजीतून मराठी शिकणाऱ्याला यांतल्या बहुतेकांपुढे ‘लाइट’ लिहिलेलं मिळेल आणि तो खुशाल ‘देवापुढे दिवा शिलगाव’ म्हणून बसेल. मला तर वाटतं, सेबुआनोचे हे शब्द इंग्रजीच्या वाटेने जाण्यापेक्षा थेट मराठीतून समजून घेणं सोपं आहे.

दाग्कोत हे आपलं ‘लावणे’. वात किंवा मेणबत्ती ज्योतीने उजळायची असली की हा शब्द. विस्तवालाही तो चालतो, पण त्याच्यासोबत आधी आठवते ती मेणबत्तीच, आणि ही भाषा बोलतात त्या सेबू बेटावर मेणबत्तीला मोठा मान आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांची आठवण करायचे दिवस येतात, त्यांना तिथे कालाग-कालाग म्हणतात (कालाग म्हणजे आत्मा). तेव्हा घरोघरची माणसं थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. सेबू शहरातल्या सांतो निन्योच्या (बाल येशूच्या) बॅसिलिकेपाशी, म्हणजे मोठ्या चर्चपाशी, मेणबत्त्या विकणाऱ्या बायका तर विकत घेणाऱ्याच्या वतीने, मेणबत्त्या हातात धरून नाचत प्रार्थना म्हणतात. अशा ठिकाणच्या शब्दाला ‘पेटवणे’ म्हटलं तर कानाला खटकतं. ‘लावणे’ हाच त्याचा जोडीदार.

हालिंग मात्र स्वयंपाकघरातला. लाकडं रचायची, ठिणगी धरवायची, फुंकर घालायची, हे सगळं त्यात आलं. जुन्या बायका म्हणत ना, ‘जरा विस्तव कर’, अगदी तेच. इथे इंग्रजीत ‘किंडल’ हा नेमका शब्द आहे, कोशात तो दिसला तर त्यावर भरवसा ठेवा. चुलीला आबोहान म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. आबो म्हणजे राख, आन हा स्थळवाचक प्रत्यय. चूल म्हणजे राखेची जागा. एकदा पेटलेल्या विस्तवात लाकूड सारत राहणं याला आणखी निराळा शब्द आहे, सुग्नोद. सरपणालाही तोच.

दाओब म्हणजे मोकळ्यावर ढीग करून पेटवणं, पालापाचोळा, काटक्याकुटक्या. त्या ढिगाच्या आगीलाही दाओबच म्हणतात. कोशातलं ‘बॉनफायर’ वाचून नुसती शेकोटी डोळ्यांपुढे आणू नका. शेकायला कुणी बसलेलं असेलच असं नाही. दुस्लित म्हणजे पेटती काडी किंवा निखारा दुसऱ्या वस्तूला टेकवून ती पेटवणं, जशी फटाक्याची वात. आपलं ‘बत्ती देणे’.

या चारांपलीकडे सुनोग आहे, त्याची गल्लत करू नका. त्यात जळून जाणं आहे. घराला आग लागली की लोक ‘सुनोग!’ असं ओरडतात. नुसत्या अग्नीला कालायो म्हणतात, तो शब्द वेगळा.

खरी गंमत प्रत्ययांत आहे. मेणबत्ती लाव : ‘दाग्कोती आंग कान्दिला’ (आंग हा नामाआधी येणारा खुणेचा शब्द). कागद जाळ : ‘सुनोगा आंग पापेल’. लाकूड विस्तवात सार : ‘इसुग्नोद आंग काहोय’. आज्ञार्थातला ‘ई’ हा ‘आन’ प्रत्ययाच्या घरातला, म्हणजे क्रिया त्या वस्तूवर, तिच्या एका जागी होते. ज्योत वातीला लागते, मेणबत्ती शिल्लक राहते. ‘आ’ हा ‘ओन’च्या घरातला, म्हणजे वस्तू सगळीच्या सगळी क्रियेत सापडते, कागद संपतो. आरंभीचा ‘इ’ सांगतो की वस्तू उचलून दुसरीकडे न्यायची आहे. विस्तवाशी त्या वस्तूचं नातं काय, ते क्रियापदाच्या टोकावरच कळतं. इंग्रजी अर्थांत नेमकं हेच गळून पडतं.

विजेच्या दिव्याचं काय? आपण दिवाही लावतो आणि लाइटही ‘लावतो’. सेबुआनोत बल्बसाठी ‘पासिगा’ हे रूप वापरतात. सिगा म्हणजे उजळणं, पा लावला की उजळायला लावणं. ज्योत नाही, म्हणून दाग्कोत नाही.

कोश उघडणार असाल तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. या भाषेच्या मूळच्या शब्दांत स्वर तीनच : अ, इ, उ. ओ आणि उ यांत अर्थाचा भेद होत नाही, म्हणून लोक सवयीने दाग्कोत, सुनोग असं लिहितात, पण भाषाशास्त्रज्ञ जॉन वुल्फ यांच्या 1972 च्या मोठ्या कोशात हे शब्द दाग्कुत, सुनुग, आबु असे शोधावे लागतात. शिवाय प्रत्यय लागताना मधला स्वर कधीकधी गळतो. विझवणे म्हणजे पालोंग, पण ‘दिवा मालव’ म्हणताना ‘पाल्ङा आंग सुगा’ (ङ चा उच्चार ‘वाङ्मय’सारखा). ‘लाकूड’चं ‘लाकडाने’ करणाऱ्यांना ही सवय परकी वाटू नये, मात्र कोशात ‘पाल्ङा’ शोधत बसू नका, पालोंगखालीच पाहा.