शांत अधिकारी आणि पळालेल्या मुली

प्रश्न : ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ या चित्रपटात मूलनिवासी मुलींना आईपासून तोडणारा गोरा अधिकारी इतका सभ्य का दाखवला आहे? त्यामुळे अन्यायाची धार बोथट होत नाही का?

उत्तर : आमच्या मते ती उलट अधिक तीक्ष्ण होते. फिलिप नॉइस यांचा हा २००२ सालचा चित्रपट खऱ्या हकिकतीवर बेतलेला आहे. १९३१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील जिगलाँगहून तीन मुलींना सरकारने उचलून मूर रिव्हरच्या छावणीत नेले. त्या पळाल्या आणि सशांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाचा माग धरून दीड हजारांहून अधिक किलोमीटर चालल्या. एक वाटेत पकडली गेली, दोघी घरी पोहोचल्या. ए. ओ. नेव्हिल हे अधिकारी मूलनिवासींचे ‘मुख्य संरक्षक’ म्हणवले जात. गोऱ्या स्त्रियांपुढे पडद्यावर छायाचित्रे दाखवत, गोऱ्यांशी संकर होत गेल्यास तिसऱ्या पिढीपर्यंत मूलनिवासी वंशाची खूण कशी पुसली जाते हे ते शांतपणे समजावतात, तेव्हा क्रौर्य एखाद्या माणसाच्या रागात नसून कायद्यात आणि फायलींत आहे, हे उमगते. खलनायक आरडाओरडा करणारा असता, तर प्रेक्षक त्याला शिव्या घालून मोकळा झाला असता.

१९५५ च्या ‘जेड्डा’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाशी तुलना करून पाहा. तिथे गोऱ्या घरात वाढलेल्या मूलनिवासी मुलीचा शेवट कड्यावरून कोसळून होतो, जणू दोष तिच्या रक्ताचाच. नॉइस यांच्या चित्रपटाला आधार आहे तो मॉली या पळालेल्या मुलीच्या लेकीने, डोरिस पिल्किंग्टन यांनी, लिहिलेल्या पुस्तकाचा.