पाळण्याचा कठडा निसटला, बाळाला दुखापत; पुढे काय?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. ऑनलाइन घेतलेल्या लाकडी पाळण्याचा सरकता कठडा अचानक खाली आला आणि नऊ महिन्यांच्या मुलीचा हात मोडला. विक्रेता म्हणतो, ‘जुना परत द्या, नवीन देतो.’ द्यावा का?

उत्तर : अजिबात नको. तो पाळणा हाच तुमचा पुरावा आहे. तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग तो प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून दुरुस्तीही करू नका. तुटलेली कडी, सुटलेले स्क्रू पिशवीत ठेवा. खोका, जोडणीचा कागद, बिल, एक्स-रे, केसपेपर जपा. फोटोत कडीची खाच जवळून दिसू द्या.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून मागता येते. रचना चुकली असो वा सूचना अपुऱ्या असोत. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल किंवा जोडणी विक्रेत्याने निष्काळजीपणे केली असेल, तर विक्रेताही अडकतो. बचाव ठरलेला असतो : ‘तुम्हीच चुकीचा जोडला.’ जोडणी कोणी केली, हे म्हणूनच आधी लिहून ठेवा.

मुलगी अज्ञान (18 वर्षांखालील) असल्याने तक्रार पालक करतात. आधी लेखी नोटीस पाठवा, मग ठाणे जिल्हा आयोग. राहत्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाळण्यासाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीची मुदत 2 वर्षे. नवा पाळणा घेतलाच, तर ‘सर्व दावे मिटले’ अशा कागदावर सही करू नका.