ड्राइव्ह खडखडतोय, पण स्क्रूला हात लावू नका

प्रश्न : काकांनी १९८६ साली जर्मनीहून आणलेला कमोडोर ६४ आणि त्याचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह माळ्यावरून काढला. कॉम्प्युटर सुरू होतो. ड्राइव्हचा तांबडा दिवा लागून सेकंदाभरात विझतो. पण फ्लॉपीतली यादी मागवली की आतून खडखडाट, दिवा लुकलुकायला लागतो आणि पडद्यावर 'फाइल नॉट फाउंड'. मित्र म्हणतो, फ्लॉपी वाचणाऱ्या हेडचं अलाइनमेंट (नेमकी जागा) गेलं, हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे दोन स्क्रू सैल करून ती किंचित फिरव. करू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नका करू. निदान आज तरी नको.

दिवा लागून विझतोय ना, मग ड्राइव्हचा मेंदू शाबूत आहे. १५४१ला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम असते. चालू होताना तो आपली तपासणी आपणच करतो. नापास झाला असता तर दिवा विझलाच नसता, नाहीतर यादी मागायच्या आधीच लुकलुकला असता. 'डिव्हाइस नॉट प्रेझेंट' आलं नाही, म्हणजे केबलही धड आहे. (ती केबल चालू यंत्रात काढू-घालू नका, चिप जाते.)

खडखडाटाला घाबरू नका. पहिला ट्रॅक (फ्लॉपीवरचं नोंदीचं वर्तुळ) ओळखणारा सेन्सर या ड्राइव्हला दिलेलाच नाही. वाचता आलं नाही की हेड मागे नेऊन अडणीवर आपटायचं आणि तिथून पुन्हा ट्रॅक मोजायचे, अशी त्याची रीत. आपटून आपटून हेड जागचं सरकतं, हे मित्राचं म्हणणं खोटं नाही. पण माळ्यावर इतके पावसाळे काढलेल्या ड्राइव्हबद्दल माझा पहिला संशय घाणीवर.

हे मी महागात शिकलोय. १९८९मध्ये बुधवार पेठेत दुरुस्ती करत होतो तेव्हा असाच एक ड्राइव्ह आला. उघडला आणि थेट मोटर फिरवली, हुशारी दाखवायला. हेडवर नुसता तपकिरी थर होता. तो पुसल्यावर ड्राइव्ह वाचू लागला, पण फक्त स्वतः नव्यानं लिहिलेलं. गिऱ्हाइकाच्या जुन्या हिशेबाच्या फ्लॉप्या वाचण्याइतपत हेड परत जागेवर आणायला आठ दिवस गेले.

तेव्हा आधी फ्लॉपी हातात घ्या. लांबट खिडकीत काळी चकती दिसते, ती मधलं भोक धरून हलके फिरवा आणि उजेडात तिरकी बघा. पांढुरके ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही, कारण बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या फ्लॉपीला.

मग हेड. प्लग काढूनच झाकण उघडा. ट्रान्सफॉर्मर आतच आहे, भिंतीतली वीज थेट आत येते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे 'आयपीए' (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, ते कापसाच्या काडीला लावून हेड हलक्या हातानं पुसा. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. हेडच्या वरची छोटी गादी ओढू नका. हेडच्या दांड्यांवरचं वाळून चिकट झालेलं ग्रीस पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा.

आता एक कोरी डबल डेन्सिटी फ्लॉपी (१.२ एमबीवाली चालणार नाही) फॉरमॅट करा. ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं वाचतो आणि काकांच्या तीन-चार स्वच्छ फ्लॉप्या वाचत नाही, तर मित्र बरोबर. मला पुन्हा लिहा, स्क्रूचं मग बघू. स्वतःचंही वाचत नसेल तर वेग तपासा. ड्राइव्हच्या तळच्या चक्रावर रेषांची वर्तुळं असतात, एक ५० हर्ट्झचं, एक ६०चं. चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली ५०चं वर्तुळ जागच्या जागी थबकलेलं दिसलं की मिनिटाला ३०० फेरे, वेग बरोबर. चक्र बघताना वीज चालू असणार, एक हात खिशात ठेवा.

प्रश्न : भाची अमेरिकेहून १५४१ आणतेय. इथे चालेल?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : थेट प्लगमध्ये घातलात तर धूर. तो १२० व्होल्टचा. आधी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ५०-६० हर्ट्झची चिंता नको, मोटर डीसी आहे.