लहान मुलांना सिंहली गाण्यांतून संस्कार कसे द्यावेत?

तुमचा चार वर्षांचा मुलगा कोलंबोत मॉन्टेसरीत जातो, तिथली सिंहली गाणी घरी गुणगुणतो, आणि त्यांतली कोणती गाणी निवडली तर त्याला चांगलं वळण लागेल, असं तुम्ही विचारलंय. आम्ही पाच वर्षं कँडीत होतो, माझी लेक तिथेच बोलायला शिकली, म्हणून लिहिते.

'खरं बोलावं, मोठ्यांचं ऐकावं' असं सांगणारी गाणी शोधत बसू नका. शेजारच्या आच्ची, म्हणजे आजी, लेकीला थोपटताना एक जुनी अंगाई म्हणायच्या. तुझी आई कुठे गेली? दूध आणायला. दुधाचं मडकं तर नदीत वाहून गेलं! एवढंच. त्यातलं 'किरि' म्हणजे दूध, आपल्या खिरीचंच भावंड, आणि 'गंग' म्हणजे कुठलीही नदी. अर्थ कळल्यावर लेकीने विचारलं, "त्या आईला कुणी रागावलं का गं?" मी म्हटलं, नाही. त्यानंतर घरात काही सांडलं की ती "गंगेत गेलं" म्हणून स्वतःच फडकं आणायची, आणि मलाही तिच्यावर ओरडवेना. दुसऱ्याची चूक पोटात घालणं आम्ही दोघी त्या अंगाईतून शिकलो.

एप्रिलच्या मध्यात सिंहली नववर्ष येतं, तेव्हा झाडाला झोपाळे बांधतात आणि 'ओंचिलि वारम्' म्हणजे झोपाळ्याची गाणी म्हणतात. आमच्या गल्लीत गाणं संपलं की उतरायचं, असा पोरांचाच नियम होता. एरवी पाळी सोडायची म्हटलं की रडणारी लेक तिथे निमूट उतरायची, आणि पुढच्या मुलासाठी तेच गाणं म्हणायला लागायची.

वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. त्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांतली मुलं गटाने भक्तिगीतं गातात, आणि रस्त्यारस्त्यावर 'दन्सल' लागतात, येईल त्याला फुकट खाऊपिऊ घालणारे मांडव. मुलाला गाणी ऐकायला जरूर न्या, पण तिथून दन्सलवरही न्या आणि सरबताचे पेले वाटायला उभं करा. दानाचं गाणं म्हणून लगेच घरी परतलात, तर काम अर्धवट राहिलं असं मला वाटतं.

कुणी 'लोवैड संगराव' पाठ करून घ्यायला सांगतील. विदागम मैत्रेय थेरांचं हे पंधराव्या शतकातलं नीतिकाव्य फार सुंदर आहे आणि मुलांना शिकवण्याची परंपराही आहे, पण चार वर्षांच्या मुलासाठी मला ते जड वाटतं. रविवारच्या 'दहम पासल'मध्ये, म्हणजे धम्मशाळेत जाऊ लागला की बघा.

आणि सिंहली येत नाही म्हणून गप्प राहू नका. टीचरना गाणं फोनवर रेकॉर्ड करून मागा, देवनागरीत लिहून काढा. 'बॅट'मधला ॲ त्या भाषेत सारखा येतो, तो आपल्याला सहज जमतो. एखादा शब्द चुकला, तर मुलाला दुरुस्त करू द्या. माझी लेक आईला शिकवायला मिळतं म्हणून रोज संध्याकाळी गाण्याला बसायची.