वाचक विचारतात: 'चेर्नोबिल'चा शेवट पटला की नाही?

मागच्या अंकात 'चेर्नोबिल' या पाच भागांच्या मालिकेचा नुसता उल्लेख केला होता, तर तुमची एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर सगळं तिच्यावरच. ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात, 26 एप्रिल 1986 च्या रात्री सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चार नंबरची अणुभट्टी फुटली, त्यावर एचबीओने 2019 मध्ये ही मालिका काढली. शेवटच्या भागात खटला चालतो, शास्त्रज्ञ लेगासोव्ह कोर्टात उभा राहून स्फोट कसा झाला आणि सरकारने काय लपवलं ते सांगतो, आणि मग खरी जुनी फुटेज दाखवत त्यावर कुणाचं पुढे काय झालं याची वाक्यं येतात. निम्म्या वाचकांना हा शेवट प्रचंड आवडलाय, निम्मे नाराज आहेत, आणि नाराजीची कारणंही प्रत्येकाची वेगळी.

प्रश्न (नाशिक): चार भाग जीव मुठीत धरून बघितले आणि शेवटी काय तर तासभर कोर्टातलं लेक्चर! लाल-निळ्या पाट्या लावून फिजिक्स शिकवतात. एवढ्या भारी मालिकेचा असा शेवट का केला?

मला तो भाग सगळ्यात जास्त आवडला, त्यामुळे मी भांडणारच. पहिल्या चार भागांत आपण फक्त परिणाम बघतो, आग, हॉस्पिटल, रिकामं केलेलं गाव, छतावरून ग्रॅफाइट ढकलणारे सैनिक, पण हे झालं कसं ते कुणीच सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय एवढी माणसं कशासाठी गेली हेच कळत नाही. लाल पाटी म्हणजे भट्टीची ताकद वाढवणारी गोष्ट, निळी म्हणजे कमी करणारी, आणि एकेक निळी पाटी निघत जाते तसा मला तरी घाम फुटतो.

आता घटनाक्रम बघा. भट्टीवर सुरक्षिततेची एक टेस्ट आदल्या दुपारी व्हायची होती, पण कीव्हच्या ग्रिडला वीज हवी होती म्हणून नऊ-दहा तास पुढे ढकलली, मग ती पडली रात्रपाळीच्या गळ्यात. टेस्ट 700 मेगावॉटवर करायची असं ठरलेलं, ताकद घसरून 30 वर आली, दरम्यान भट्टीत झेनॉन वायू साठला जो अणू फुटण्याची क्रिया दाबून टाकतो, म्हणून ताकद चढवायला बहुतेक सगळे कंट्रोल रॉड, म्हणजे क्रियेला आवर घालणारे दांडे, बाहेर ओढले आणि तरी जेमतेम 200 पर्यंत पोचले. आणि शेवटी 1 वाजून 23 मिनिटं 40 सेकंदांनी भट्टी बंद करायचं एझेड-5 बटण दाबलं तेव्हा रॉड आत गेले, पण त्या रॉडच्या खालच्या टोकाला ग्रॅफाइट होतं (ग्रॅफाइट क्रियेला मदत करतं, पाणी ती दाबतं), ते आत शिरताना तळातलं पाणी बाजूला सारलं गेलं आणि तिथे क्रिया कमी व्हायच्या ऐवजी भडकली. बंद करायचं बटण दाबल्यावर भट्टी फुटली! हे तासाभरात घरबसल्या माणसाला समजावून सांगणं म्हणजे मी तर लेखक क्रेग मेझिनला सलाम करते.

प्रश्न (पुणे): शेवट बघून डोळ्यात पाणी आलं, आणि मग वाचनात आलं की लेगासोव्ह त्या खटल्याला हजरच नव्हता. एकदम फसवल्यासारखं वाटलं. तुम्हाला नाही वाटलं?

हजर नव्हता हे खरंय, मंत्री श्चेरबिनाही नव्हता, त्यामुळे ते धाडसी भाषण, मध्ये श्चेरबिनाने उठून "त्याला बोलू द्या" म्हणणं, मग केजीबीवाल्याने (सोव्हिएत गुप्तहेर खातं) बंद खोलीत दिलेली धमकी, हे सगळं रचलेलं आहे. खटला मात्र खरा, जुलै 1987 मध्ये चेर्नोबिल गावातल्याच सांस्कृतिक भवनात चालला, आरोपी सहा होते (मालिकेत तीनच दिसतात), आणि केंद्राचा संचालक ब्र्युखानोव्ह, मुख्य अभियंता फोमिन आणि त्या रात्री टेस्ट करवून घेणारा उपमुख्य अभियंता द्यातलोव्ह या तिघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली.

खरा लेगासोव्ह बोलला तो ऑगस्ट 1986 मध्ये व्हिएन्नाला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत, तासन् तास बोलला, पाश्चात्त्य शास्त्रज्ञ त्याच्या मोकळेपणावर खूश झाले, पण तिथल्या सोव्हिएत अहवालाने मुख्य ठपका ऑपरेटरांवरच ठेवला होता. पुढे त्याने आठवणी टेपवर रेकॉर्ड केल्या आणि एप्रिल 1988 मध्ये आत्महत्या केली. म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सत्य सांगण्याचा तो क्षण त्याच्या आयुष्यात कधी आलाच नाही, आणि मला हे मालिकेपेक्षा जास्त दुःखद वाटतं.

पण तुम्ही विचारलंत फसवलं का, तर कोर्टाच्या बाबतीत मी नाही म्हणेन. ऐतिहासिक नाटकात दोन प्रसंग एकत्र करतात, चार माणसांचं एक पात्र करतात, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलोय. मालिकेतली शास्त्रज्ञ उलाना खोम्युक ही बाई नव्हतीच, अनेक शास्त्रज्ञांना मिळून ते पात्र उभं केलंय, आणि हे मालिका स्वतःच शेवटी सांगते. असं सांगून घेतलेली सूट मला चालते, माझी खरी तक्रार पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न (ठाणे): शेवटी लिहून येतं की पुलावर उभं राहून आग बघणाऱ्यांपैकी एकही जण वाचला नाही. ते वाचून रात्रभर झोप नाही लागली. इतके सगळे गेले?

नाही हो! आणि याच वाक्याचा मला मनापासून राग आहे. पहिल्या भागात केंद्राशेजारच्या प्रिप्यात शहरातली माणसं लहान मुलांना घेऊन रेल्वेच्या पुलावर उभी आहेत आणि वरून राख बर्फासारखी पडतेय, ते दृश्य नाटकात आहे, ठीक आहे. पण शेवटी खऱ्या फुटेजसोबत जेव्हा 'असं सांगितलं जातं की' एवढी पळवाट ठेवून कुणीच वाचलं नाही असं लिहितात तेव्हा प्रेक्षक ते नाटक म्हणून वाचत नाही, नोंद म्हणून वाचतो. आणि त्या गोष्टीला काही पुरावा नाहीये, ती प्रिप्यातभोवती फिरणारी दंतकथा आहे. ज्या मालिकेची सुरुवातच खोटं बोलण्याची किंमत काय या प्रश्नाने होते, तिने शेवटच्या मिनिटाला हे करायला नको होतं.

पक्के आकडे तसेही पुरेसे भयानक आहेत. त्या रात्री दोघे गेले, त्यातल्या खोदेमचुक या कर्मचाऱ्याचा मृतदेह कधी सापडलाच नाही, तो अजून त्या ढिगाऱ्यात आहे. 134 जणांना तीव्र किरणोत्सर्गाचा आजार झाला आणि त्यातले 28 जण त्याच वर्षी गेले, बहुतेक अग्निशमनवाले आणि केंद्राचे कर्मचारी. पुढे कॅन्सरने किती गेले किंवा जातील यावर मात्र मोठे वाद आहेत, मालिका 4 हजार ते 93 हजार असं सांगते, त्यातला पहिला आकडा 2005 च्या संयुक्त राष्ट्रांशी संबंधित अभ्यासाचा आणि दुसरा ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचा, दोन्ही अंदाजच. अंदाज आहे हे मालिकेने तिथे नीट मांडलंय, मग पुलाच्या बाबतीत का नाही मांडलं?

त्याच वाक्यांमध्ये एक चांगलं कामही झालंय. भट्टीखालच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला उतरलेले ते तिघे, अनानेन्को, बेस्पालोव्ह आणि बारानोव्ह, लगेच मेले असं वर्षानुवर्षं छापून येत होतं, ते तिघंही त्यातून वाचले हे मालिकेने जगभर पोचवलं. ते वाचून मी खरंच टाळ्या वाजवल्या.

प्रश्न (सातारा): मी स्टाफ नर्स आहे. फायरमन वासिलीची बायको गरोदर असून त्याच्याजवळ बसते, पुढे बाळ जातं आणि सांगतात की बाळाने रेडिएशन स्वतःवर घेतलं म्हणून आई वाचली. हे शक्य आहे का?

नाही, ताई, तुमची शंका बरोबर आहे, यावर त्या विषयातल्या डॉक्टरांनीही टीका केली होती. बाहेरून रेडिएशन बसलेल्या पेशंटचे कपडे काढून त्याला नीट धुतल्यावर तो शेजारच्याला तसा धोका राहत नाही, प्लॅस्टिकचा पडदा असतो तो उलट पेशंटला इन्फेक्शन होऊ नये म्हणून, कारण त्याची प्रतिकारशक्तीच संपलेली असते. बाळाने सगळं शोषून घेतलं याला तर काहीच शास्त्रीय आधार नाही.

फक्त एक लक्षात घ्या, वासिलीची बायको ल्युदमिला इग्नातेन्को ही खरी बाई आहे, तिने तिच्या तोंडाने हे सगळं लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांना सांगितलंय आणि तिचं बाळ गेलं हे खरं आहे. तिला तेव्हा जे सांगितलं गेलं ते ती सांगते, तिच्या दुःखावर शंका घ्यायचं कारणच नाही. प्रश्न मालिकेचा आहे, की तिचं म्हणणं एका शास्त्रज्ञ पात्राच्या तोंडी निदान म्हणून का घातलं. तिला पुढे मुलगा झाला हे मात्र शेवटी सांगतात, ते वाचून फार बरं वाटतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): द्यातलोव्ह इतका राक्षस होता का? शेवटच्या भागात तर त्याचा गळा धरावासा वाटला.

पॉल रिटरने काम इतकं जबरदस्त केलंय की तसं वाटणारच, पण माझं मत आहे की या माणसावर शेवटच्या भागात अन्याय झालाय. तो कडक होता, लोक त्याला घाबरायचे, टेस्ट पुढे रेटण्यात त्याचा वाटा होता, हे सगळं मान्य. पण भट्टीत मुळातच दोष होता आणि तो ऑपरेटरांना सांगितलेलाच नव्हता, रॉड आत जाताना उलटा परिणाम होतो हे लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात 1983 मध्येच दिसलं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 1992 मध्ये या दुर्घटनेवरचा आपला अहवाल सुधारला तेव्हा वजन डिझाइनच्या दोषाकडे सरकलं.

आणि ते बटण. मालिकेत ताकद अचानक भडकते, आरडाओरडा होतो आणि मग घाबरून बटण दाबतात, तिथे हजर असलेल्यांच्या साक्षी मात्र सांगतात की टेस्ट संपत आली होती आणि बटण शांतपणे दाबलं गेलं. माझ्या मते खरं घडलं ते जास्त भयंकर, कारण कुणालाच कल्पना नव्हती. कंट्रोलवर बसलेला तोप्तुनोव्ह 25 वर्षांचा पोरगा होता, तो आणि पाळीचा प्रमुख अकिमोव्ह दोघंही मे महिन्यात गेले, खटल्याला उभे राहायलाही उरले नाहीत.

प्रश्न (बोईसर): आमच्या घरापासून तारापूर केंद्र जवळ आहे. मालिका संपल्यापासून आई घाबरलीये. आपली भट्टी पण तशीच आहे का?

तशी नाही, आईंना जरूर सांगा. चेर्नोबिलची आरबीएमके जातीची, मध्ये ग्रॅफाइट आणि भोवती भक्कम बंदिस्त कवच नसलेली. तारापूरच्या 1969 पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, साध्या पाण्याच्या, नंतरच्या दोन 540 मेगावॉटच्या आपल्याकडे बनवलेल्या, जड पाण्याच्या. ग्रॅफाइट कशातच नाही. म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत असं मी म्हणणार नाही, जवळ राहणाऱ्यांना आपत्कालीन योजना काय आहे हे माहीत असलंच पाहिजे आणि ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न (दादर): आमचे बाबा म्हणतात तेव्हा मुंबईत पण लोण्यावरून गोंधळ झाला होता. खरं का?

अगदी खरं! दुर्घटनेनंतर आयर्लंडहून आलेल्या बटरमध्ये किरणोत्सर्ग आहे म्हणून मुंबईत लोक कोर्टात गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, तिथे तज्ज्ञांची समिती नेमली आणि 1988 मध्ये ते खायला सुरक्षित आहे असा निर्वाळा मिळाला. बाबांना सांगा, त्यांच्या आठवणी लिहून पाठवा, आम्हाला छापायला आवडतील.

प्रश्न (डोंबिवली): रशियात लोकांना शेवट कसा वाटला?

तिथेही दोन तट. कपडे, फ्लॅट, भिंतीवरचे कागद इतके हुबेहूब आहेत म्हणून अनेकांनी भरभरून कौतुक केलं, एका छोट्या कम्युनिस्ट पक्षाने बंदीची मागणी केली, आणि एका रशियन चॅनेलच्या मालिकेत तर केंद्रात सीआयएचा हेर शिरलाय अशी कथा असल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं. शूटिंग बरंचसं लिथुआनियात, त्यातलं काही त्याच इग्नालिना केंद्रात झालंय, म्हणून ते कॉरिडॉर एवढे खरे वाटतात.

प्रश्न (कोल्हापूर): मुलगी नववीत आहे, तिला फिजिक्स आवडतं, शेवटचा भाग दाखवू का?

शेवटचा जरूर दाखवा, सोबत बसून दाखवा आणि कोर्टातलं काय खरं नाही ते वर लिहिलंय ते वाचायला द्या. पहिल्या भागाच्या सुरुवातीला आत्महत्या आहे, तिसऱ्यात हॉस्पिटलमधले पेशंट आहेत आणि चौथ्यात कुत्री मारायचा प्रसंग, हे तुम्ही आधी एकट्याने बघा आणि मग ठरवा. नुसता पाचवा बघितला तरी तिला स्फोटाचं गणित समजेल, आणि झेनॉनच्या जागी अडलं तर शाळेतल्या सरांना विचारायला सांगा.