सायकल दीड किलोने हलकी, विमा दीड कोटीने कमी

कोथरूडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, नोकरी हिंजवडीत, पत्नी सध्या घरीच, मुलगी चार वर्षांची. गेल्या हिवाळ्यात त्यांनी २०० किलोमीटरची ब्रेवे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) वेळेत पूर्ण केली. जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत रस्त्याकडेला उभं राहून पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात कार्बन आहे, म्हणजे कार्बन फायबरच्या हलक्या फ्रेमची सायकल. पत्राचा गाभा असा:

"सध्याची सायकल अल्युमिनियमची, ८ स्पीड, २०२१ मध्ये ४५ हजारांना घेतलेली. पुढच्या हंगामात ३०० करायची आहे. २ लाख ४० हजारांची कार्बन घेऊ, की पावसाळा तोंडावर आहे म्हणून आधी ७२ हजारांचा स्मार्ट ट्रेनर घेऊ? पैशांची सोय झाली आहे. २०२३ मध्ये टॅक्ससाठी घेतलेल्या पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी १ लाख ९० हजार कर्ज मिळतंय, वरचे ५० हजार नो-कॉस्ट ईएमआयवर. डिसेंबरात बोनस अपेक्षित आहे. शिवाय कार्बनला रिसेल चांगली मिळते, म्हणजे ही गुंतवणूकच झाली."

सोबत त्यांनी महिन्याचा हिशेबही पाठवला आहे, हे फार बरं केलं. हातात येतात ९५ हजार. घराचा हप्ता ३८ हजार, कर्ज शिल्लक ४१ लाख. घरखर्च ४५ हजार. पॉलिसीचा हप्ता वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार. बँकेत ७० हजार, ऑफिसचा मेडिक्लेम ३ लाखांचा. बाकी काही नाही.

सगळं वजा केल्यावर महिन्याला दोन हजार उरतात, आणि आपण अडीच लाखांच्या सायकलवर बोलतोय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: कार्बन नको, ७२ हजारांचा ट्रेनरही (सायकल घरात एका जागी चालवायचं यंत्र) नको. सध्याच्या सायकलवर पंचवीस हजार खर्च करा, ३०० होईल. कसे खर्च करायचे ते पुढे सांगतो, कारण तो विषय माझ्याही आवडीचा आहे. पण पत्र वाचताना मी अडकलो तो पॉलिसीपाशी. तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. तुमच्या लेखी ती फक्त पैसे काढायची जागा आहे.

ही पॉलिसी तुम्हाला कशी विकली गेली असेल ते डोळ्यांसमोर येतं. दहा वर्षं भरा, एकूण १२ लाख. विसाव्या वर्षी २४ लाख घ्या. पैसे दुप्पट, वर १२ लाखांचं विमा कवच, वर टॅक्सची बचत. 'दुप्पट' ऐकलं की आपल्याकडे लोक पेन शोधायला लागतात. किती वर्षांत दुप्पट, हे कुणी विचारत नाही. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून पडतो आणि तेवढ्या काळात दुप्पट होतो. म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये गेले असते आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर विसाव्या वर्षी २४ च्या जागी ३५ लाखांच्या आसपास झाले असते.

टॅक्सचं तर हसूच येतं. तुमचा पगार वर्षाला १२ लाख ४० हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही, आणि तुम्ही त्याच प्रणालीत आहात. त्या प्रणालीत विमा हप्त्याची वजावटही मिळत नाही. जो कर तुम्हाला लागत नाही, तो वाचवायला तुम्ही वर्षाला १ लाख २० हजार भरताय. दर जानेवारीला अर्धी कार्बन सायकल बँकेच्या शाखेत ठेवून येताय, म्हणा ना.

आता कवच. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर घरच्यांना १२ लाख मिळतील. तुम्ही म्हणता तसं त्यावर कर्ज काढलंत, तर कंपनी ते आधी कापून घेईल आणि हातात दहा लाख पडतील. तिकडे घराचं कर्ज ४१ लाख. कर्ज क्षणभर बाजूला ठेवलं तरी घरखर्चच वर्षाला साडेपाच लाखांचा आहे, म्हणजे दहा लाख दोन वर्षंही पुरत नाहीत. आणि हा माणूस शनिवारी पहाटे पाचला बोपदेव घाटात असतो, कधी दिवे घाटात, जिथे त्या वेळी डंपर उतरत असतात!

सायकल सोडा असं मी म्हणणार नाही. आठवडाभर खुर्चीत बसून राहण्यापेक्षा घाट केव्हाही बरा. पण धडक देऊन गाडी पळून गेली, तर सरकारी भरपाई किती ते माहीत असू द्या: मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. एप्रिल २०२२ पासून हे आकडे आहेत, त्याआधी याहून कमी होते. गाडी सापडली तर दावा लावता येतो, पण त्याच्या तारखा पडत राहतात आणि घराचा हप्ता पाच तारखेला जातोच.

तुम्हाला दीड कोटींचं साधं टर्म कवच हवं, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. ४१ लाख कर्जाचे, आणि वीसेक वर्षांच्या घरखर्चासाठी एक कोटीच्या वर. निर्व्यसनी असाल आणि तब्येत ठीक असेल, तर साठीपर्यंतच्या कवचाला वर्षाला अठरा-वीस हजार पडतील. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. गंमत पाहा: तुम्ही काढू म्हणता त्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच अठरा हजार होतं.

टर्मच्या जोडीला अपघात विमा घ्या, पन्नास लाखांचा. त्याला काही हजार पुरतात. सायकलवाल्याचा नेहमीचा अपघात जीवघेणा नसतो. कॉलरबोन मोडते, खुबा जातो, दोन-तीन महिने घरी बसावं लागतं. तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी शोधा. शर्यतीतला अपघात बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो. ब्रेवे ही शर्यत नव्हे, पण शब्दरचना वाचून मगच सही करा. तिघांना मिळून दहा लाखांचा आरोग्यविमाही घ्या. ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो.

मग जुन्या पॉलिसीचं काय? चार हप्ते गेले आहेत, ४ लाख ८० हजार. चौथ्या वर्षात सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी मोडल्यास, भरलेल्याच्या किमान निम्मे, म्हणजे २ लाख ४० हजार मिळतील. (होय, बरोबर त्या कार्बनची किंमत. तुमच्याही लक्षात आलं असेलच.) घाईने सरेंडर मात्र करू नका. कंपनीला मेल टाकून दोन आकडे लेखी मागा: आजची सरेंडर किंमत, आणि पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली तर २०४३ मध्ये मिळणारी रक्कम. पेड-अपची रक्कम नऊ लाखांच्या आसपास असेल, तर अडकलेल्या २ लाख ४० हजारांवर पुढच्या साडेसोळा वर्षांत आठ टक्क्यांहून जास्त सुटतात. तसंच राहू द्या, आणि त्या पैशांची सायकल विसरा. रक्कम पाचच लाख असेल तर पुन्हा साडेचार टक्केच. मग सरेंडर करा आणि पैसे पीपीएफमध्ये टाका, वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे म्हणून दोन वर्षांत विभागून. शाखेतले साहेब सांगतील, "इतकं भरलंय तर पूर्ण करा." आतापर्यंतचा तोटा होऊन गेलाय, तो पुढचे सहा हप्ते भरून परत येत नाही.

हप्ता थांबला की वर्षाला १ लाख २० हजार मोकळे होतात. टर्म, अपघात आणि आरोग्यविमा मिळून पंचेचाळीस-पन्नास हजार. उरले सत्तर. त्यातले पंचवीस सायकलला, बाकी अडीअडचणीच्या निधीत. दरमहा ८३ हजार लागणाऱ्या घरात ७० हजारांची शिल्लक म्हणजे एक महिनाही नाही. बोनस आला तर तोही तिथेच. 'अपेक्षित' बोनसवर ईएमआय ठरवू नका, त्यातून नो-कॉस्ट ईएमआयला प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो आणि रोखीची सूट जाते ती वेगळीच. रिसेलचं म्हणाल, तर तीन वर्षं वापरलेली कार्बन फ्रेम घेणारा आतल्या तड्याच्या भीतीने निम्म्याला मागतो. गुंतवणूक म्हणे!

आता सायकल. तुम्ही, सायकल, बाटल्या मिळून ८५ किलो धरू. कार्बनने दीड किलो वाचेल, म्हणजे पावणेदोन टक्के. सिंहगडाचा चढ तासाचा असेल तर एक मिनिट. आणि ३०० च्या ब्रेवेला २० तास असतात. थांबे धरून ताशी १५ चा वेग पुरतो. ती ब्रेवे लोक जड फ्रेममुळे सोडत नाहीत. पोट बिघडतं, बूड सोलपटतं, रात्री दिवा विझतो, तिसऱ्या पंक्चरला ट्यूब संपते.

घाटात तुम्हाला हवा आहे तो हलका गिअर. मागच्या चाकावर ११-२८ ची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच, सर्वांत लहान चकती ११ दातांची, मोठी २८ ची) असेल तर ११-३२ बसवा. पायडलजवळचं दातेरी चाक तेच, पण पायडल साडेबारा टक्के हलकं पडतं. आधी मेकॅनिककडून एक तपासून घ्या: मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) लहान केजचा, म्हणजे चेन धरणारा दांडा आखूड असलेला, असेल तर २८ दातांच्या पुढे झेपत नाही, लांब केजचा लागतो. चेनसकट चार-पाच हजारांत काम होईल. टायर चांगले घ्या, फ्रेममध्ये जागा असेल तर २८ मिमीचे, आणि हवा थोडी कमी ठेवा. आपल्या रस्त्यांवर दगडासारखी फुगवलेली २३ ची चाकं उडतात, पळत नाहीत. दोन टायरना सहा-सात हजार. उरलेल्यात एक चांगली पॅडेड बिब (गादी लावलेली, खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी) आणि दिवे: पुढे एक, मागे दोन, त्यातला एक हेल्मेटवर. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तुमच्याकडे असेलच, पहाटे बोपदेवलाही तेच घाला.

ट्रेनर. डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून सायकल थेट त्यावर बसवायची असा) स्मार्ट ट्रेनर उत्तम वस्तू आहे, वॅट मोजतो, जोर स्वतः ठरवतो. पण तुम्ही तो जून ते सप्टेंबर वापरणार, आठवड्याला तीनदा. वर्षाला पन्नास बैठका, तीन वर्षांत दीडशे. मॅट आणि पंखा धरून ८० हजार म्हणजे बैठकीला पाचशेच्या वर, ॲपची वर्गणी वेगळी. शिवाय तुमची सायकल ८ स्पीड, म्हणजे मागे आठ चकत्यांची, आणि पुष्कळ ट्रेनरवर ११ स्पीडची कॅसेट येते. म्हणजे वेगळी कॅसेट, आणि ती ११ स्पीडच्या हबवर (कॅसेट बसते तो मधला भाग) बसवायला १.८५ मिमीचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी चकती. हे दुकानदार पैसे घेतल्यावर सांगतो. त्यापेक्षा मागचं चाक टेकवायचा साधा मॅग्नेटिक ट्रेनर सात-आठ हजारांत सेकंड-हँड शोधा. लॉकडाउनमध्ये घेतलेले पुष्कळ ट्रेनर कपडे वाळत घालायच्या कामी आहेत. चाक टेकतं तो रोलर हाताने फिरवून घरघर ऐका. मागे जुनाच टायर ठेवा, चांगला तिथे झिजवू नका. खाली जाड रबर मॅट टाका. आवाजापेक्षा कंप खाली जास्त जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर नाव यायला एक पहाट पुरते.

आठवड्याला दोन बैठका अशा: दहा मिनिटं हलकं, मग आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, बोलताना दोन-तीन शब्दांवर दम लागेल इतक्या जोरात, मध्ये चार मिनिटं सैल. तिसरी बैठक दीड तासाची, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकी सावकाश. छातीवरचा हृदयगतीचा पट्टा जमला तर घ्या, नाही तर हा बोलण्याचा हिशेब पुरतो. समोर मोठा पंखा हवाच. घाम हँडलच्या बेअरिंगमध्ये उतरतो, टॉवेल टाका.

आता क्रम. टर्मची पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी थांबवू नका; पुढचा हप्ता जानेवारीत आहे, वेळ भरपूर आहे. अर्जात सायकलिंग लिहा, लपवू नका. आणि मेडिकल टेस्ट लांब राइडच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. दमछाकीनंतर लिव्हरची एन्झाइम्स आणि क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, लघवीत प्रोटीन येऊ शकतं, आणि विमा कंपनी त्याचा अर्थ आजार असा लावते. चार-पाच दिवस विश्रांती घ्या. ईसीजीत ठोके पन्नासच्या खाली आले, तर रोज सायकल चालवतो हे तिथल्या डॉक्टरांना सांगून रिपोर्टवर लिहून घ्या.